आधी अंतर, मग खांदा, कॅलिबर शेवटी : पहिली कस्टम रायफल बनवून घेताना

कस्टम रायफल बनवून घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कॅलिबर (नळीच्या व्यासावरून ठरणारं काडतुसाचं माप) कोणतं घेऊ?" उत्तर देणारेही पैशाला पासरी मिळतात. प्रत्येकाचं एक लाडकं काडतूस असतं आणि ते सोडून बाकी सगळी कशी कुचकामी आहेत हे पटवायला त्याच्याकडे भरपूर वेळ असतो. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न पहिला नाहीच. ऑर्डरच्या कागदावर कॅलिबरचा रकाना सगळ्यात वर छापलेला असला तरी तो शेवटी भरावा. त्याआधीच्या चार गोष्टी नीट ठरल्या की त्या रकान्यात लिहिण्यासारखं एखादं-दुसरंच नाव उरतं.

हे सगळं कागदी लक्ष्यावर किंवा पोलादी प्लेटवर नेम धरणाऱ्यांसाठी आहे. शिकारीचं गणित वेगळं, त्यात मी पडत नाही. आणि कस्टम म्हणजे परवाना असलेल्या गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका घडवणाऱ्या कारागिराकडून, आपल्या मापाची बनवून घेतलेली रायफल, घरच्या गॅरेजमध्ये जुळवलेली नव्हे. .३०८ सारख्या काडतुसाचा दाब ४,००० बारच्या वर जातो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. हा दाब आपल्या गालापासून वीतभर अंतरावर एका पोलादी कोठीत कोंडायचा आहे. हौस करायला इतर जागा पुष्कळ आहेत, ही त्यातली नाही.

कागदपत्रं

परवान्याचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून इथे एकच सांगतो. गनस्मिथला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी माहीत करून घ्या : हवं ते कॅलिबर नागरिकांना बाळगता येतं का, परवान्यावर कॅलिबरची नोंद असते का, आणि पुढे नळी बदलली तर ती नोंद बदलावी लागते का. काही देशांत सैन्याच्या वापरातली काडतुसं नागरिकांना मिळतच नाहीत. तिथे अर्धी यादी इथेच गळते आणि डोक्याचा ताप कमी होतो.

अंतर : तुमची रेंज किती लांब आहे?

इथे स्वप्नातली रेंज धरायची नाही. ज्या रेंजवर तुम्ही दर आठवड्याला जाऊ शकता ती धरायची. हजार मीटरच्या गप्पा मारणारे बरेच जण वर्षभर शंभर मीटरवरच असतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त रायफल शंभर मीटरला साजेशी घ्यावी.

अंतराबरोबर एक मोजमाप शिकून घ्या, कारण पुढे सगळे त्याच भाषेत बोलतील. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाची ६० मिनिटं. असं एक मिनिट शंभर मीटरवर साधारण २.९ सेंटीमीटर भरतं. रायफल 'एक मिनिटाची' आहे म्हणजे तिच्या गोळ्या शंभर मीटरवर एवढ्या जागेत पडतात, तीनशे मीटरवर याच्या तिप्पट जागेत.

या मापाने बघितलं की काही समजुती उलट्या पडतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, ३०० मीटरच्या लक्ष्यावर १०० मिलिमीटरचं. लांबचं अवघड असं वाटतं. पण मिनिटांत मोजा : ५० मीटरचं वर्तुळ पाऊण मिनिटाच्याही आत येतं, ३०० मीटरचं सव्वा मिनिटाच्या जवळ जातं. म्हणजे निव्वळ बारकाव्याच्या हिशेबाने जवळचं लक्ष्य जास्त कडक. ३०० मीटरवर वारा हिशेब बिघडवतो ती गोष्ट वेगळी. पण "पॉइंट टू-टू (.२२) म्हणजे पोरांचा खेळ" असं कोणी म्हणालं तर त्याला ही दोन वर्तुळं दाखवा.

ढोबळ विभागणी अशी. ५० ते १०० मीटर : .२२ लाँग रायफल. १०० ते ३०० : .२२३ रेमिंग्टन. ६०० आणि पुढे : ६.५ क्रीडमोर किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादं. .३०८ विंचेस्टर या सगळ्यांच्या मध्ये कुठेही बसतं, म्हणूनच ते इतकं टिकलं.

पहिली रायफल .२२ चीच का

इथे मी हट्टी आहे. पहिली कस्टम रायफल .२२ लाँग रायफलची असावी, मग दुसरी कोणतीही घ्या.

हे काडतूस १८८७ चं आहे आणि आजही ऑलिंपिकची ५० मीटर स्पर्धा त्यावरच होते. गोळी २.६ ग्रॅमची, म्हणजे ४० ग्रेन. गोळ्यांची वजनं सगळीकडे ग्रेनमध्ये लिहितात, एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. स्पर्धेच्या काडतुसात ही गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने सोडतात. ध्वनीची सीमा ओलांडताना गोळी डगमगते. सुरुवातच सीमेच्या खाली केली की तो प्रश्न उरत नाही.

गोळी मंद असल्यामुळे ती नळीत जास्त वेळ राहते. ट्रिगर ओढल्यावर तुम्ही मान उचलली, खांदा सैल सोडला, तर तेवढ्यात नळीचं तोंड हललेलं असतं आणि गोळी त्या चुकीची कागदावर नोंद करून मोकळी होते. वेगवान काडतुसात हीच चूक अर्धीमुर्धी झाकली जाते. शिकणाऱ्याने झाकणारी रायफल घेऊ नये.

.२२ चा एक स्वभाव मात्र आधीच कळलेला बरा. ही रिमफायर काडतुसं, म्हणजे पेटणारा मसाला पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) कडेत असतो. मसाला बुडाच्या मध्यात असला की ते सेंटरफायर. रिकामी पुंगळी पुन्हा भरता येत नाही, कारखान्याचं येईल ते घ्यावं लागतं. आणि एकाच नावाच्या डब्यांत कारखान्यातल्या खेपेगणिक फरक असतो, या खेपेलाच लॉट म्हणतात. म्हणून डब्यावरचा लॉट नंबर बघायला शिका. गंभीर नेमबाज आपली रायफल शिकंजात घट्ट बसवून एकेका लॉटची दहा-दहा काडतुसं उडवतात. माझ्या रायफलीची अशी चाचणी बघणं हाच एक धडा होता. तोच डबा, तेच नाव, तीच किंमत. एका लॉटचं भोक जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं, दुसऱ्याचं आडवं पसरलेलं, जणू कोणी कागद कुरतडलाय. रायफलीला हात कोणी लावला नव्हता. चांगला लॉट सापडला की परवान्यात बसतील तेवढे डबे त्याच दिवशी घ्या.

खांदा

धक्क्याबद्दल लोक फुशारक्या मारतात. "मला नाही लागत." लागतो. खांद्याला नसेल, डोळ्याला लागतो.

आकडे बघू. चार किलोच्या रायफलीत .२२ चा धक्का एका जूलच्याही आत असतो. .२२३ चा चारच्या आसपास, ६.५ क्रीडमोरचा पंधराच्या आसपास, .३०८ चा विसाकडे, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा तिसाच्या वर. काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन दुप्पट केलं तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. म्हणून लक्ष्यावर मारायची रायफल जड असते. खांद्यावर टाकून डोंगर चढायचा नसेल तर हलक्या रायफलीचा मोह धरू नका. नळी जाड घ्या. वजनही मिळतं आणि ती सावकाश तापते.

तुमच्या सोसण्याची हद्द कुठे आहे हे तपासायची एक जुनी युक्ती आहे. ज्या कॅलिबरचा विचार चाललाय ते रेंजवर कोणाच्या तरी रायफलीतून, त्या माणसाच्या देखरेखीखाली मारून बघा. भरणी त्याने करायची आणि खऱ्या काडतुसांत मधूनच एखादं सरावाचं खोटं काडतूस घालायचं, तुम्हाला न सांगता. तुम्ही नेम धरता, श्वास अर्धा सोडता, ट्रिगर ओढता आणि नुसतं 'टक्' होतं. तेवढ्यात नळीचं तोंड बोटभर खाली गेलेलं असतं, डोळे मिटलेले असतात, आणि मागे बसलेला मित्र हसत असतो. धक्का आलाच नाही, तरी अंगाने त्याला उत्तर दिलं. हे पुन्हा पुन्हा होत असेल तर त्या काडतुसाच्या एक पायरी खाली या. यात पौरुषाचा संबंध नाही, मज्जासंस्थेचा आहे.

नळीच्या तोंडाला मझल ब्रेक हा भोकांचा तुकडा लावून धक्का कमी करता येतो, पण आवाजाचा सगळा लोट बाजूला फेकला जातो आणि शेजारच्या बेंचवरचा माणूस तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालतो. लावायचाच असेल तर टोकाच्या जागी बसा. आणि ब्रेक असो-नसो, कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही घाला. सेंटरफायर रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो. गेलेला कान परत येत नाही. डोळ्यांना चष्मा हे सांगायलाच नको.

काडतुसं आणि नळीचं आयुष्य

आता पैशाचा भाग. रायफलीची किंमत एकदाच मोजावी लागते, काडतुसांची दर आठवड्याला. म्हणून कॅलिबर निवडताना गावातल्या विक्रेत्याकडे कोणते डबे वर्षभर असतात हे आधी विचारा. कॅटलॉगमध्ये काय आहे ते विचारू नका.

दुसरा खर्च कोणी सांगत नाही : नळी झिजते. चेंबरपुढे (म्हणजे काडतूस बसतं त्या कोठीपुढे) जिथे गोळी नळीतल्या खाचांत शिरते तो घसा दर गोळीगणिक जळत जातो. बारीक नळीतून जास्त दारू जाळणारं काडतूस असेल तर तो लवकर जळतो. .२२ ची नळी हजारो-हजारो काडतुसं पचवते, बहुतेकांचं आयुष्य तिच्याआधी संपतं. .३०८ ची चांगली नळी पाच हजारांपर्यंत आणि पुढेही साथ देते. ६.५ क्रीडमोरची अचूकता दोन ते तीन हजारांत उतरू लागते, आणि काही तापट ६ मिलिमीटर काडतुसं त्याच्याही आधी मान टाकतात. दर आठवड्याला ५० काडतुसं उडवणारा माणूस वर्षाला २,६०० उडवतो. म्हणजे ६.५ ची एक नळी वर्षभरात संपली असं धरून चाला. परवडत असेल तर काही वाईट नाही. फक्त ऑर्डर देतानाच दुसऱ्या नळीचे पैसे बाजूला काढून ठेवा.

इथेच वाइल्डकॅटचा मोह येतो. वाइल्डकॅट म्हणजे कारखान्यात न बनणारं, कोणीतरी पुंगळीचा आकार बदलून केलेलं काडतूस. "रायफल कस्टम आहे तर काडतूसही कस्टम असू दे" हे वाक्य कानाला गोड लागतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. तयार काडतूस मिळत नाही, दाबाचे तपासलेले आकडे मिळत नाहीत, आणि रायफल विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळत नाही. काडतुसांची मापं आणि दाब ठरवणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत, १९१४ ची युरोपातली सीआयपी आणि १९२६ ची अमेरिकेतली सामी. या दोघींपैकी एकीच्या यादीत नसलेलं काडतूस पहिल्या रायफलीत नको. पुंगळ्या स्वतः भरण्याचा छंद वेगळा आणि मोठा आहे. तो दोन-तीन वर्षांनी, जाणत्या माणसाजवळ बसून आणि छापील मॅन्युअल समोर ठेवून सुरू करावा.

नावातल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास, पण डब्यावरचा आकडा खरा व्यास असेलच असं नाही. .३०८ ची गोळी खरंच ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर असते. तिच्या लष्करी भावंडाच्या नावात मात्र ७.६२ येतं, कारण तिथे नळीतल्या उंचवट्यांमधलं अंतर धरलंय. .२२३ ची गोळी ०.२२४ इंचांची. ६.५ क्रीडमोरची ६.७१ मिलिमीटरची. .३८ स्पेशलची चक्क ०.३५७ इंचांची. .३०-०६ मधला ०६ हा व्यास नाही, वजन नाही, १९०६ हे साल आहे. शॉटगनचं तर शास्त्रच निराळं : बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी, सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा बारीक.

हे पाठ करायची गरज नाही. गरज आहे ती एका सवयीची : नळीवर कोरलेलं पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावर ठोकलेलं पूर्ण नाव, दोन्ही अक्षरशः जुळली तरच भरायचं. 'बसलं म्हणजे चालतं' हा हिशेब जीवघेणा आहे. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये शिरू शकतं. मग जाड गोळी बारीक नळीत जायचा प्रयत्न करते आणि रायफल हातात फुटते. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं आणि मागून बारा बोअरचं भरलं की तोच प्रकार, म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. ५.५६ नाटो आणि .२२३ रेमिंग्टन बाहेरून जुळी दिसतात, पण ५.५६ चा घसा लांब असतो. .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ मारलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. बेंचवर एका वेळी एकच डबा उघडा ठेवा. दोन रायफली नेल्या असतील तर एक पेटीतच राहू दे.

आता तो रकाना भरा

.२२३ रेमिंग्टन, १९६४ चं. धक्का नगण्य, डबे सगळीकडे, नळी टिकाऊ. १०० ते ३०० मीटरला दुसरा विचार करायचं कारण नाही. वाऱ्यात मात्र हलकी गोळी वाहवत जाते.

.३०८ विंचेस्टर, १९५२ चं. याच्याबद्दल 'जुनं झालं' म्हणायची फॅशन आहे. जुनं झालं म्हणूनच त्याच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट माहीत आहे. ते कुरकुर करत नाही, नळी खात नाही, आणि नवख्या गनस्मिथच्या हातूनही सहसा बिघडत नाही. धक्का सोसवत असेल तर घ्या.

६.५ क्रीडमोर हे हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये खास लांब पल्ल्याच्या लक्ष्यांसाठीच आणलं. लांब, सडपातळ गोळी हवा कापत जाते. गोळीच्या या गुणाचा एक आकडा असतो, बॅलिस्टिक कोइफिशंट. .३०८ ची नेहमीची १६८ ग्रेनची गोळी ०.४५ च्या आसपास, ६.५ ची १४० ग्रेनची ०.६ च्या वर. म्हणजे .३०८ पेक्षा कमी धक्क्यात जास्त लांब, आणि वाऱ्याने कमी ढळणारी. पाचशे मीटरच्या आत मात्र हा फायदा नळीच्या झिजेत वाया जातो. माझी दुसरी रायफल ६.५ आहे, आणि तरीही हे सांगतोय.

६ मिलिमीटर पीपीसीचं नाव तुम्ही ऐकाल. १९७५ सालचं हे काडतूस बेंचरेस्टच्या, म्हणजे रायफल बेंचवर टेकवून मारायच्या खेळाचा राजा आहे. पण ते हाताने भरणाऱ्यांचं काडतूस. नमस्कार करून पुढे जा.

मॅग्नमांबद्दल, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसांबद्दल, काही लिहीत नाही. ज्याला गरज आहे त्याला हा लेख नको.

नळीचा पीळ : ऑर्डर देताना सगळ्यात जास्त विसरला जाणारा रकाना

नळीच्या आतल्या पिळदार खाचा गोळीला फिरकी देतात. किती इंचांत एक फेरा पूर्ण होतो तो आकडा म्हणजे ट्विस्ट. आठ इंचांत एक फेरा असेल तर 'एकास आठ'. गोळी जितकी लांब तितकी तिला जलद फिरकी लागते. हा संबंध ब्रिटिश गणिती ग्रीनहिल याने १८७९ मध्ये सूत्रात बांधला आणि ढोबळ अंदाजाला तो आजही चालतो.

कॅलिबर एकच असलं तरी ट्विस्टवरून रायफल कोणती गोळी खाणार ते ठरतं. .२२३ चंच घ्या. ५५ ग्रेनची आखूड गोळी एकास बारामध्ये खूश असते. ७७ ग्रेनच्या लांब गोळीला एकास आठ किंवा सात लागतो. चुकीच्या ट्विस्टची खूण कागदावर स्वच्छ दिसते : गोल भोकाऐवजी लांबट, किल्लीच्या भोकासारखं छिद्र. म्हणजे गोळी टोकाने नव्हे, आडवी होऊन पोचली. गनस्मिथला नुसतं ".२२३ हवी" म्हणू नका, "७७ ग्रेनची गोळी मारायची आहे" असं म्हणा. ट्विस्ट तो ठरवेल. ६.५ क्रीडमोरला बहुतेक एकास आठ, .३०८ ला दहा ते बारा, .२२ ला सोळा, हे नेहमीचे आकडे. शिसं नसलेल्या तांब्याच्या गोळ्या त्याच वजनाला जास्त लांब असतात. त्या वापरायच्या असतील तर तेही आधी सांगा.

अॅक्शन

अॅक्शन म्हणजे नळीच्या मागचा भाग, ज्यात बोल्ट मागेपुढे सरकून काडतूस भरतो आणि कोंडतो. नळ्या झिजतील, कॅलिबरं बदलतील, अॅक्शन राहील. म्हणून पैसा इथे घाला. बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडाच्या मापाचं असतं. .३०८, ६.५ क्रीडमोर आणि .३०-०६ या तिघांचं बूड एकाच मापाचं, साधारण १२ मिलिमीटर, जुन्या माऊझर काडतुसांपासून चालत आलेलं. त्यातली पहिली दोन आखूड अॅक्शनमध्ये मावतात. त्या मापाची आखूड अॅक्शन घेतली तर आज .३०८ आणि नळी संपल्यावर ६.५, फक्त नळी बदलून. .२२३ चं बूड लहान, तिथे बोल्टही बदलावा लागतो. १९६२ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ७०० च्या मापाशी जुळणाऱ्या अॅक्शन अनेक जण बनवतात, त्यामुळे स्टॉक (खांद्याला टेकणारा रायफलीचा सांगाडा), ट्रिगर, स्कोपचे पाये सहज मिळतात. वेगळेपणापेक्षा सुटे भाग महत्त्वाचे.

चेंबर किती घट्ट ठेवायचं हे गनस्मिथ विचारेल. तुम्ही कारखान्याची काडतुसं वापरणार असाल तर तसं स्पष्ट सांगा आणि त्यातली रिकामी पुंगळी किंवा सरावाचं काडतूस नमुन्याला द्या.

मापं

कस्टम या शब्दाचे पैसे खरे वसूल होतात ते इथे. कारखान्याच्या स्टॉकमध्ये ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत साधारण ३४ सेंटीमीटर असतात. लहान चणीच्या माणसाला ते लांब पडतं, मग तो मागे झुकून तोल सावरतो आणि दोष कॅलिबरला देतो.

मापं द्यायला जाताना नेमबाजीचं जॅकेट घालून जा. रायफल रिकामी आहे हे स्वतः बघा, गनस्मिथला दाखवा, नळी सुरक्षित दिशेला. मग डोळे मिटा. रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मान सैल सोडा. आता डोळे उघडा. स्कोपमधलं चित्र पूर्ण, काठापर्यंत उजळ दिसतंय का? काठावर चंद्रकोरीसारखी काळी सावली असेल तर डोळा मध्यावर नाही. सावली खाली दिसली की डोळा वर-खाली होतोय, बाजूला दिसली तर डावी-उजवीकडे. गालपट्टीची उंची दोन मिलिमीटरने बदलायची, पुन्हा डोळे मिटायचे. अर्धा तास गेला तरी चालेल. गनस्मिथ कंटाळला तर गनस्मिथ बदला. भिंग डोळ्यापासून नऊएक सेंटीमीटरवर असावं. जवळ घेतलं तर पहिल्याच बाराला भुवई फुटते.

अक्रोडाचा स्टॉक देखणा, पण लाकूड दमट हवेत फुगतं आणि नळीला खेटतं. लॅमिनेट किंवा फायबरग्लास कुरूप असलं तरी शांत असतं. मी लॅमिनेटवर समाधानी आहे. काहीही घ्या, नळी स्टॉकला कुठेही टेकता कामा नये. कागदाची पट्टी नळीखाली सरकवा आणि पुढून अॅक्शनपर्यंत ओढत न्या. न अडखळता गेली पाहिजे. ट्रिगरचं वजन सुरुवातीला किलोभर ठेवा, पुढे कमी करता येतं.

ताब्यात घेताना

वेळेची फारशी आशा धरू नका. माझी रायफल कबूल केलेल्या तारखेनंतर बऱ्याच महिन्यांनी आली आणि या धंद्यात ते नवल नाही.

आल्यावर आधी नळीवरचं कॅलिबर वाचा, परवान्याशी ताडून बघा. मग प्रूफची, म्हणजे दाबाच्या चाचणीची खूण शोधा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. तिथे आणि सीआयपीच्या सगळ्या देशांत नवी रायफल कमाल दाबापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त दाबाच्या काडतुसाने तपासूनच खूण ठोकतात. जिथे ही सक्ती नाही तिथे गनस्मिथने हेडस्पेस गेजने (बंद बोल्टपुढे काडतुसाला किती जागा उरते ते मोजणाऱ्या मापाने) तपासल्याचं लिहून घ्या. 'गो' गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो'वर होता कामा नये.

नळीचं तोंड बघा. बोल्ट काढून ठेवा, कापसाचा बोळा काडीला लावून आतून बाहेर कडेवरून ओढा, चहूबाजूंनी. कुठे तंतू अडकला तर तिथे बारीक दाता आहे. परत द्या. गोळी सगळ्यात शेवटी त्या कडेला स्पर्श करते.

चाचणीचा कागद गनस्मिथ देईलच, त्यावर तीन गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतील. तीन गोळ्या काहीही सांगत नाहीत. पाच-पाच गोळ्यांचे चार-पाच गट मारायला लावा आणि सगळे मोजा, वाईटसुद्धा.

पहिल्या दिवसापासून वहीत उडवलेल्या काडतुसांची एकूण संख्या आणि लॉट नंबर लिहा. कधीतरी गट पसरायला लागतील, तेव्हा नळी संपली असं लगेच धरू नका. आधी स्कोपच्या पायांचे स्क्रू टॉर्क पान्याने तपासा, मग अॅक्शनचे, मग दुसरा लॉट मारून बघा, मग नळीचं तोंड, मग नळी खरवडून स्वच्छ करा. रॉड नेहमी चेंबरच्या बाजूने घाला. एवढं करूनही गट आवरत नसेल आणि वहीतला आकडा तुमच्या काडतुसाच्या नळीच्या आयुष्याजवळ पोचला असेल, तर गनस्मिथला फोन करा. नवी नळी त्याच कॅलिबरची घ्यायची की दुसऱ्या, हे ठरवायला तोवर तुमच्याकडे वहीच असेल.